प्रवरेकाठची टेकाडे आणि डेक्कन कॉलेजचे ग्रंथालय

नगर जिल्ह्याच्या स्मरणिकेत पुण्यातल्या एका ग्रंथालयाचा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारले तर त्याला आधी प्रवरेच्या काठाने चालायला सांगावे. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली ही नदी टोक्याजवळ गोदावरीला मिळते. त्या वाटेवर संगमनेर तालुक्यात जोर्वे लागते, श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद, आणि पुढे नेवासे व त्याच्याजवळचा चिरकी नाला. भारताच्या प्राचीन इतिहासाचे कुठलेही जाडजूड पुस्तक उघडा, ही नावे त्यात असतातच. आपल्याकडच्या बहुतेकांना मात्र जोर्वे हे एक गाव म्हणून माहीत असते आणि नेवासे ज्ञानेश्वरीचे म्हणून. या गावांच्या पोटात काय होते हे ज्याला मुळातून वाचायचे असेल त्याला येरवड्याला, डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात जावे लागते. माती आपली, ती वाचली गेली तिथे. तेव्हा त्या ग्रंथालयाचा इतिहास हा काही अंशी आपल्याही जिल्ह्याचा इतिहास आहे, आणि तो त्याच नजरेने इथे लिहिला आहे.

सुरुवात दक्षिणेपासून होते. विद्वान ब्राह्मणांना दरसाल दक्षिणा वाटण्याची रीत खंडेराव दाभाड्यांनी घातली आणि पुढे ती पेशव्यांनी उचलली. १८१८ मध्ये पेशवाई गेली, तरी ही दक्षिणा एकदम बंद करणे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला शहाणपणाचे वाटले नाही. तिच्यातला काही पैसा वळवून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्यात विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज सुरू झाले. नाव कॉलेजचे असले तरी ती संस्कृत पाठशाळाच होती. न्याय, ज्योतिष, वैद्यक, वेदान्त अशा शास्त्रांचे जुन्या पद्धतीने अध्यापन चाले. पुढे मेजर थॉमस कॅन्डीच्या देखरेखीखाली तिचे वळण बदलत गेले. १८५१ मध्ये इंग्रजी शाळा तिच्यात मिळवून ‘पूना कॉलेज’ झाले आणि १८६४ मध्ये त्याचे ‘डेक्कन कॉलेज’. सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीमुळे येरवड्याच्या बाजूला, मुळा-मुठेपलीकडे, टोकदार कमानींची दगडी इमारत उभी राहिली आणि १८६८ मध्ये कॉलेज तिथे गेले. जीजीभाईंची ही देणगी वाचकांनी लक्षात ठेवावी. सत्तर वर्षांनी तिनेच कॉलेजला जिवंत केले.

त्याच काळात नगरही वाचू लागले होते. इथले जिल्हा वाचनालय १८३८ चे, म्हणजे महाराष्ट्रातल्या अगदी आरंभीच्या वाचनालयांतले. अमेरिकन मिशनच्या लोकांनी १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ काढला तो नगरातच. पण वाचनालय वेगळे आणि संशोधनाचे ग्रंथालय वेगळे. पहिल्यात माणूस वाचायला जातो, दुसऱ्यात तो लिहिलेले तपासायला जातो. ही दुसरी गोष्ट नगरात रुजायला अवकाश होता, आणि खरे तर पुण्यातही.

डेक्कन कॉलेजचे जुने विद्यार्थी म्हणून टिळक आणि आगरकरांची नावे सगळे घेतात. वसतिगृहातली टिळकांची खोली आजही जपलेली आहे. आपण नगरकरांनी आणखी एक नाव घ्यायला हवे, ते पारनेरच्या पांडुरंग महादेव बापटांचे. पुढे मुळशीच्या सत्याग्रहातून ते ‘सेनापती’ झाले. त्याआधी डेक्कन कॉलेजातून शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबराला गेले होते. पण ही झाली विद्यार्थ्यांची गोष्ट. ग्रंथालयाच्या दृष्टीने त्या काळातली मोठी माणसे वेगळी आहेत. ब्यूलर, कीलहॉर्न आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे संस्कृतचे पंडित, ही ती माणसे.

मुंबई सरकारने १८६६ पासून संस्कृत व प्राकृत हस्तलिखिते गोळा करायला सुरुवात केली. ब्यूलर गुजरात-राजस्थानात हिंडला, काश्मीरपर्यंत गेला. भांडारकरांनी आणि पीटरसनने जैन भांडारांतून आणि शास्त्र्यांच्या घरांतून पोथ्या मिळवल्या. हा साठा आधी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात होता, १८७८ मध्ये तो डेक्कन कॉलेजात आला. पोथ्यांची संख्या पुढे सतरा हजारांवर गेली. चाळीस वर्षे तो तिथे राहिला. मग १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले आणि १९१८ मध्ये सरकारने हा सारा साठा त्या संस्थेच्या स्वाधीन केला. महाभारताची चिकित्सित आवृत्ती भांडारकर संस्थेत सिद्ध झाली, तिच्या तयारीत या साठ्यातल्या पोथ्यांचाही वाटा होता. म्हणजे डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयाने आपले सर्वांत मोलाचे धन तेव्हा गमावले. पण ते गावातल्या गावातच राहिले आणि त्याचे चीज झाले, त्यामुळे त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही.

खरा घाव १९३४ चा. खर्च परवडत नाही आणि पुण्यात इतर कॉलेजे आहेतच, असे म्हणून सरकारने डेक्कन कॉलेज बंद केले. एकशे तेरा वर्षांची संस्था सरकारी हुकुमाने एका फटक्यात मिटली. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. ते कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा साधा पण पक्का होता. जीजीभाईंनी लाख रुपये सरकारला दिले ते उच्च शिक्षणाच्या कॉलेजसाठी. तो पैसा सरकारने घेतला, त्यावर इमारत बांधली, तेव्हा तो विश्वस्त निधी झाला; सरकारला मनाला येईल तेव्हा कॉलेजला कुलूप लावता येणार नाही. निकाल कॉलेजच्या बाजूने गेला. मग तडजोड निघाली, की पदवीचे वर्ग चालवणारे नेहमीचे कॉलेज न करता इथे पदव्युत्तर अध्यापन व संशोधनाची संस्था काढावी. १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पुन्हा उघडले ते ‘पदव्युत्तर व संशोधन संस्था’ म्हणून. आज जे ग्रंथालय आपण पाहतो त्याचा खरा जन्म या तारखेचा आहे. देणगीच्या कागदावरच्या अटी नीट लिहून ठेवाव्यात, हा धडा आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षणसंस्थांच्या चालकांनी यातून घ्यायला हरकत नाही.

१९३९ मध्ये तिथे कोण कोण होते ते पाहिले म्हणजे ग्रंथालय असे का घडले ते कळते. इराच तारापोरवाला संचालक झाले. त्यांच्यानंतर १९४२ पासून जवळजवळ तीस वर्षे सुमित्र मंगेश कत्रे. हसमुख धीरजलाल सांकलिया प्राचीन इतिहासाला, इरावती कर्वे समाजशास्त्राला, त्र्यंबक शंकर शेजवलकर मराठ्यांच्या इतिहासाला, आपटे वेदविद्येला, चगताई मुसलमानी अमदानीच्या इतिहासाला, संकरन भाषाशास्त्राला. प्रत्येकाचा विषय वेगळा, स्वभाव त्याहून वेगळे, आणि प्रत्येकाची पुस्तकांची भूक न भागणारी. सांकलियांना युरोपातल्या उत्खननांचे अहवाल हवेत. इरावतीबाईंना मानवमिती, कुळे, नातेसंबंध आणि शिवाय महाभारत हवे. कत्र्यांना इंडो-युरोपीय भाषांचे कोश आणि व्याकरणे हवीत. चगतायांना फार्सी तवारिखा आणि शिलालेखांचे ठसे हवेत. एरवी ही पुस्तके चार वेगवेगळ्या संस्थांत विखुरली असती. इथे ती एका छपराखाली आली. दक्षिण आशियाचा इतिहास आणि संस्कृती यांवरचे विशेष ग्रंथालय म्हणतात ते हे. कोणी आराखडा आखून ते उभारले नाही. माणसे जमली आणि त्यांच्या मागण्यांतून ते वाढत गेले. संस्थेने १९३९ मध्येच आपले ‘बुलेटिन’ काढले. अशा नियतकालिकाचा एक फायदा बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. आपला अंक दुसऱ्याला पाठवायचा आणि त्याचा आपल्याकडे घ्यायचा, या अदलाबदलीवर संशोधन संस्थांची ग्रंथालये पैसा नसतानाही वाढतात.

शेजवलकरांबद्दल जरा थांबून लिहायला हवे, कारण त्यांच्या खोलीतल्या कागदांत नगर वारंवार येते. इतिहाससंग्राहक दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी आयुष्यभर जमवलेला ऐवज साताऱ्याच्या संग्रहालयात होता. १९३९ मध्ये तो डेक्कन कॉलेजात हलवला गेला आणि त्याची व्यवस्था शेजवलकरांकडे आली. त्यात चित्रे होती, नकाशे होते, आणि नाना फडणिसांचे मेणवलीचे दफ्तर होते. अठराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत पुण्याच्या दरबारात काय चालले होते याची नाडी त्या दफ्तरात सापडते. याच दफ्तरातली पत्रे निवडून शेजवलकरांनी ‘नागपूर अफेअर्स’चे खंड काढले, त्यातला पहिला १९५४ चा.

आता नाना आणि नगर यांचा संबंध पाहा. ११ मार्च १७९५ रोजी निजामाचा पराभव झाला तो जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला. मराठी सरदार एका निशाणाखाली लढल्याची ती शेवटची वेळ, आणि ती जुळवाजुळव नानांची. त्यानंतर तीन वर्षेही झाली नाहीत तोच, १७९७ च्या अखेरीस, दौलतराव शिंद्यांनी नानांना दग्याने पकडले आणि नगरच्या किल्ल्यात ठेवले. ज्या जिल्ह्यात मुत्सद्देगिरीचा कळस झाला त्याच जिल्ह्यात ते कैदी झाले. नानांचे दफ्तर ज्या ग्रंथालयाने सांभाळले त्याच्याशी आपले नाते हे असे आहे. खर्ड्यावर किंवा किल्ल्यावर लिहू पाहणाऱ्या कोणाही नगरकराला मेणवली दफ्तर टाळून पुढे जाता येणार नाही.

शेजवलकर स्वतः फार स्पष्टवक्ते. कोणाची भीड धरणे त्यांच्या रक्तात नव्हते. त्यांचे ‘पानिपत’ १९४६ मध्ये संस्थेच्या ग्रंथमालेतले पहिले पुस्तक म्हणून इंग्रजीत निघाले, मराठीत ते १९६१ मध्ये आले. शिवचरित्र लिहायचे त्यांच्या मनात होते. १९६३ मध्ये ते गेले तेव्हा हाती होती ती प्रस्तावना, आराखडा आणि साधने. ती १९६४ मध्ये छापली गेली आणि न लिहिलेल्या चरित्राच्या त्या तयारीलाच साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ग्रंथालयात बसून आयुष्य काढलेल्या माणसाला याहून शोभेसा मान कुठला!

येरवड्याला ही जमवाजमव चालू असताना नगरच्या किल्ल्यात भारताच्या इतिहासावरचे दुसरे एक पुस्तक लिहिले जात होते. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सभासद तिथे आणून ठेवले गेले आणि नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिले. समोर ग्रंथालय नव्हते. सोबतच्या कैद्यांची विद्वत्ता हाच मोठा आधार होता, आणि त्याचे ऋण त्यांनी प्रस्तावनेत मान्य केले आहे. आझाद, नरेंद्र देव, पट्टाभी यांच्यासारखी माणसे बराकीत असतील तर संदर्भग्रंथांची उणीव थोडी भरून निघते, एवढे खरे.

आता प्रवरेकडे येऊ. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शांताराम भालचंद्र देव यांनी नाशिक आणि जोर्वे या दोन ठिकाणी खणले. अहवाल १९५५ मध्ये निघाला. जोर्व्याला सापडली ती तांबडी, काळ्या नक्षीची, चाकावर घडवलेली भांडी. इतकी पक्की भाजलेली, की टिचकी मारली तर धातूसारखा नाद यावा. तोटीचे चंबू, काठाशी मोडल्यासारख्या कडेचे वाडगे. बरोबर तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी. लोखंड अजून यायचे होते. हे लोक इ. स. पूर्व १४०० च्या सुमारास इथे शेती करून राहत होते. पुढे महाराष्ट्रभर, तापीपासून भीमेपर्यंत, अशीच भांडी सापडत गेली आणि त्या सगळ्या काळाला अभ्यासकांनी नाव दिले ‘जोर्वे संस्कृती’. एका खेड्याचे नाव एका युगाला मिळाले. महाराष्ट्रात असा मान फार थोड्या गावांना आहे.

नेवाशाचे काम याहून मोठे. १९५४ ते ५६ या काळात लाडमोडच्या टेकाडात डेक्कन कॉलेजचे लोक उतरले, नंतर १९५९ ते ६१ मध्ये पुन्हा. अहवाल १९६० चा. त्याचे नावच ‘फ्रॉम हिस्टरी टू प्रीहिस्टरी ॲट नेवासा’ असे आहे, कारण खणणारा माणूस वरून खाली जातो आणि त्याचा काळ उलटा चालतो. नेवाशाला वर मुसलमानी व मराठा अमदानीचे थर लागले. त्याखाली हजारभर वर्षे वस्तीच नव्हती. त्याही खाली सातवाहनकाळ, आणि त्यात रोमन मद्यकुंभांची फुटकी खापरे. म्हणजे भूमध्य समुद्राकडची दारू दोन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठी पोचत होती. त्याखाली जोर्वेकाळची घरे आणि घराच्या जमिनीत पुरलेली मुले. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि त्यात मूल, अशी ती रीत. सगळ्यात तळाशी नदीच्या गोट्यांच्या थरात अश्मयुगाची हत्यारे. त्यांतल्या मधल्या अश्मयुगीन हत्यारांच्या घडणीला ‘नेवासा उद्योग’ म्हणतात आणि ते नावही जगभरच्या पुस्तकांत गेले.

त्या पुरलेल्या मुलांपैकी एकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे मण्यांतला दोरा कुजायचा राहिला. तो दोरा ए. एन. गुलाटी यांनी तपासला आणि त्यात रेशमाचे धागे असल्याचे लिहिले. त्यांचे हे टिपण १९६१ मध्ये डेक्कन कॉलेजने काढलेल्या तांत्रिक अहवालांच्या पुस्तकात आहे. त्याच पुस्तकात जनावरांची हाडे आणि जळके दाणे यांवरची टिपणेही आहेत. हाडांच्या सापळ्यांवर केनेडी आणि मल्होत्रा यांचे पुस्तक १९६६ मध्ये आले. एका टेकाडातून असे एकामागून एक ग्रंथ निघाले. ग्रंथालय विकत घेऊन वाढते तसेच ते स्वतः पिकवूनही वाढते, हे मला नेवाशाच्या उदाहरणाने पटले. खापराच्या पाटीपासून छापील पानापर्यंतचा हा प्रवास सोपा नसतो. खापरे धुवायची, प्रत्येकावर थराचा आणि चराचा क्रमांक घालायचा, प्रकारवार ढीग लावायचे, निवडक तुकड्यांची आरेखने काढायची आणि मग दुसऱ्या गावच्या खापरांशी ताडून पाहायचे. ताडून पाहायला इराण-बलुचिस्तानपासून कर्नाटकापर्यंतचे अहवाल हाताशी लागतात. ते शेजारच्याच इमारतीत असणे ही डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वाची खरी ताकद होती.

१९६६ पासून तीन वर्षे गुद्रून कोर्विनस या जर्मन विदुषी नेवाशाजवळ चिरकी नाल्याच्या काठी काम करीत होत्या. हातकुऱ्हाडी वापरणाऱ्या आदिमानवाचे ते ठिकाण. प्रवरेच्या खोऱ्याचे त्यांचे सर्वेक्षण ऐंशीच्या दशकाच्या आरंभी ग्रंथरूपाने आले. दायमाबाद हे मात्र डेक्कन कॉलेजचे काम नव्हे, हे स्वच्छ सांगायला हवे. बोपर्डीकरांनी १९५८ मध्ये ती जागा शोधली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून म. ना. देशपांडे, मग एस. आर. राव आणि १९७५ ते ७९ मध्ये एस. ए. साळी यांनी तिथे खणले. १९७४ मध्ये गावात सापडलेल्या चार कांस्यमूर्ती, म्हणजे बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून साठ किलोंहून जड भरल्या. साळींचा अहवाल १९८६ चा. दायमाबादला हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळचा थर मिळाला आणि सिंधूकाठच्या लोकांचे धागे प्रवरेपर्यंत येतात हे दिसले. जोर्वे आणि नेवासे आधी वाचलेले नसते तर दायमाबादच्या थरांची लावणी करणे फार अवघड गेले असते.

ग्रंथालयाच्या दुसऱ्या अंगाबद्दल थोडक्यात लिहितो. १९४८ मध्ये कत्र्यांनी ऐतिहासिक तत्त्वांवरचा संस्कृत कोश हाती घेतला. ऋग्वेदापासून सुरुवात करून सुमारे १५०० ग्रंथांतले शब्द, त्यांचे प्रयोग आणि अर्थ वेचायचे. त्यासाठी जवळपास एक कोटी चिठ्ठ्या झाल्या. पेट्यांत, कप्प्यांत, अक्षरक्रमाने लावलेल्या. पहिला भाग अमृत माधव घाटगे यांच्या संपादकत्वाखाली १९७६ मध्ये निघाला. तेव्हापासून खंडामागून खंड येत आहेत आणि प्रकाशित झालेली मजल अजून पहिल्या अक्षरातच आहे. याची थट्टा पुष्कळ होते. माझ्या मते थट्टा करणाऱ्यांनी एकदा त्या चिठ्ठ्यांचे कपाट पाहून यावे. पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या कामाला पगार, जागा आणि शांतता पुरवणाऱ्या संस्था आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

भाषाशास्त्राला पन्नाशीच्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानचे साहाय्य मिळाले. देशभरचे तरुण अभ्यासक उन्हाळी वर्गांना पुण्याला येऊ लागले. त्याच सुमारास अमेरिकेत दक्षिण आशियाच्या अभ्यासाची केंद्रे निघत होती. पेनसिल्व्हेनियाचे नॉर्मन ब्राउन त्यांतले अग्रणी. १९६१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज स्थापन झाली, तिचे भारतातले पहिले बिऱ्हाड डेक्कन कॉलेजातच होते. पुढच्याच वर्षी पीएल ४८० च्या, म्हणजे अमेरिकेच्या गव्हापोटी इथे जमलेल्या, पैशातून अमेरिकेची काँग्रेस लायब्ररी इथली पुस्तके विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवू लागली. आपण रेशनवर ज्या गव्हाला नाके मुरडली त्याच्या रुपयांतून मराठी पुस्तके शिकागोच्या कपाटात गेली. आज एखादे जुने मराठी पुस्तक आपल्याकडे मिळेनासे होते आणि तिकडे मिळते, त्याचे एक कारण हे. त्यात त्यांची चूक नाही. त्यांनी यादी केली, पैसे दिले, जपले. आपण यादी केली नाही.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ निघाल्यावर डेक्कन कॉलेज त्याच्याशी जोडलेले होते. ५ मार्च १९९० रोजी त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९९४ पासून त्याप्रमाणे कारभार सुरू झाला. ग्रंथालय त्यामुळे विद्यापीठाचे झाले, पण स्वभाव बदलला नाही. पुरातत्त्व, भाषाशास्त्र, संस्कृत कोशशास्त्र हे तीन विषय आणि त्यांना लागून इतिहास व मानवशास्त्र. लाखाच्या वर ग्रंथ असूनही पसारा एवढ्यातच ठेवलेला. ६ ऑक्टोबर २०२१ रोजी मूळ संस्थेला २०० वर्षे पूर्ण झाली.

आता तक्रारीचा मुद्दा, आणि तो डेक्कन कॉलेजविषयी नाही, आपल्याविषयी आहे. जोर्व्याचा, नेवाशाचा, दायमाबादचा असे तिन्ही अहवाल इंग्रजीत आहेत. मराठीत सांकलिया आणि माटे यांचे ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ आहे, ते उत्तम आहे. पण त्यात साऱ्या महाराष्ट्राचा आढावा असल्याने आपल्या गावांना पाने थोडी. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, चौंडीच्या लेकीचे नाव जिल्ह्याला मिळाले. नावाच्या निमित्ताने इतिहासावर पुष्कळ बोलणे झाले. तो इतिहास साधारण निजामशाहीपासून, म्हणजे १४९० पासून सुरू होतो आणि किल्ल्यापाशी थांबतो. त्याच्या आधीची अडीच-तीन हजार वर्षे प्रवरेकाठी लोक घरे बांधून राहत होते, मुले पुरत होते, रोमशी व्यापार करीत होते, हे आपल्या शाळांतल्या मुलांना कोणी सांगायचे?

यासाठी नवे संग्रहालय बांधण्याची गरज नाही, समितीचीही नाही. नेवाशाच्या अहवालाचा दीडदोनशे पानांचा मराठी संक्षेप एखाद्या जाणत्या प्राध्यापकाकडून करून घ्यावा. तसाच जोर्व्याचा आणि दायमाबादचा. नकाशे आणि आरेखने मुळातली वापरण्यासाठी संबंधित संस्थांची रीतसर परवानगी मागावी. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी दर वर्षी दोनतीन विद्यार्थी आठवडाभर येरवड्याला पाठवावेत, त्यांना विषय देऊन. नुसती सहल नको. ज्यांच्या घरी जुने कागद, मोडीतली दफ्तरे, पोथ्या असतील त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी एखाद्या संशोधन संस्थेला दाखवाव्यात. पारसनिसांनी असेच कागद घरोघर जाऊन मिळवले होते.

आणि संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे, नगर येथील ज्या वाचकांच्या हाती एखाद्या वाचनालयाची किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची पुस्तकखरेदी असेल, त्यांना एवढीच विनंती, की पुढच्या वर्षीच्या यादीत जोर्वे, नेवासे आणि दायमाबाद यांच्या अहवालांची नावे सर्वांत वर घालावीत. छापील प्रत मिळाली नाही तर रीतसर छायाप्रत मागवावी, आणि ती कपाटात कुलूपबंद न ठेवता वाचनाच्या टेबलावर ठेवावी.